लाल रेषेपर्यंत

१

कागदाप्रमाणे पाहिलं तर अकराव्या खाटेवरच्या टेलरमावशी सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास वारल्या होत्या.

प्रत्यक्षात साडेनऊला त्या उशीला टेकून चहात बिस्कीट बुडवत होत्या आणि खिडकीच्या पडद्याची दुमड ज्याने कुणी शिवली होती त्याचा उद्धार करत होत्या. "हा काय टाका आहे? गोणपाट शिवतात असं," असं सिस्टरना सांगत असतानाच तीन माणसं पळत आत आली. एकाने हातातला कप काढून घेतला, दुसऱ्याने छातीवर तारा चिकटवल्या, तिसरा सलाइनसाठी शीर शोधू लागला. मावशींना वाटलं, पडद्याला नावं ठेवली म्हणून ही शिक्षा.

कारण होतं रक्ताचा रिपोर्ट. पोटॅशियम आठ पूर्णांक एक. धडधाकट माणसाच्या रक्तात ते चार-साडेचार असतं, साडेसहाच्या पुढे हृदय अडखळू लागतं आणि आठाला ते कधीही थांबू शकतं. मावशींचं हृदय मुळातच थकलेलं, त्यापायी मूत्रपिंडंही कुरकुरायला लागलेली.

तारांच्या यंत्रातून हृदयाची पट्टी निघाली. ती सरळसाधी होती, पण तिच्याकडे नीट बघायला कुणाला वेळ होता? इंजेक्शनं झाली, सलाइन झालं, संशोधनाची गोळी तिथल्या तिथे बंद झाली. दुपारी दीड वाजता ड्यूटी डॉक्टरने मांडीतून थोडं रक्त काढून पुन्हा तपासायला पाठवलं. चार पूर्णांक चार. वॉर्डाचा जीव भांड्यात पडला.

या संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम तेवढ्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. महिन्याभरातला असा हा सातवा रिपोर्ट होता. सातही माणसं त्यांच्या अभ्यासातली, सातही याच हॉस्पिटलातली. आणि येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता सुरक्षा समिती फोनवर बसणार होती, नऊ वर्षांचा अभ्यास बंद करायचा की नाही हे ठरवायला.

२

गुरुवारी सकाळी एक ठेंगणी, गुडघ्याने अधू, काखेत फायलींची पिशवी मारलेली बाई हॉस्पिटलात शिरली. तिचं काम पडताळणीचं. हा अभ्यास ज्या सहा हॉस्पिटलांत चालू होता तिथे जायचं आणि कागदावरचं नि खरं यांत कुठे फट आहे का ते बघायचं. तिच्या हातून काही म्हणजे काही निसटत नसे, म्हणून मागून सगळे तिला चाळणीबाई म्हणत. चाळणीतून सगळंच निसटतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला ते नाव आवडलेलं असल्यामुळे त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. दोन रात्री झोप नसल्याचं डोळ्यांखाली लिहिलेलं होतं. "मी सरळच सांगते. थकलेल्या हृदयामुळे मूत्रपिंडं जातात, आणि एकदा ती गेली की माणूस हातचा जातो. ती वाचवणारी ही गोळी आहे, असं मला वाटतं. नुसतं वाटून चालत नाही म्हणून हा अभ्यास. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला कुठली, हे मलाही माहीत नाही."

"कुणाला कुठली ते सीलबंद पाकिटात असतं. ते फोडून बघता येतं ना?"

"येतं. पण समितीने फोडलं की अभ्यास संपला. उद्या अभ्यास बंद करायचं ठरलं तरच ते फोडतील."

"गोळीने पोटॅशियम चढतं?"

"या जातीच्या गोळ्यांनी थोडं चढतं. म्हणून तर सगळ्यांना लगेच पटलं. पण थोडं म्हणजे अर्धा, पाऊण. आठ नाही हो!"

चाळणीबाईंनी फाइल उघडली. बाकीच्या पाच हॉस्पिटलांत असा एकही रिपोर्ट नव्हता. गोळी तीच, डबे त्याच कारखान्यातले, माणसं तशीच आजारी.

"म्हणजे दोष गोळीत नाही. दोष इथे आहे," त्या म्हणाल्या.

"इथे म्हणजे? कुणीतरी मुद्दाम..." मॅडमना वाक्य पुरं करवेना.

चाळणीबाईंनी फाइल जवळ ओढली. त्या पानं उलटत होत्या आणि एका पानावर त्यांचा चेहरा जरा खुलला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच सगळ्या हॉस्पिटलांना एक नियम लावला होता. पिवळ्या टोपणाच्या ट्यूबवर लाल रेषा मारायची आणि रक्त त्या रेषेला टेकलं नाही तर नमुना बाद. निम्मं इथे तपासायचं, निम्मं गोठवून दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवायचं, तर रक्त पुरायला नको? या नियमापायी बाकी ठिकाणी शंभरातले आठ-दहा नमुने बाद होत होते आणि लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. इथे मात्र 'बाद नमुने' या रकान्यात ओळीने शून्य होतं.

"हे कसं जमवलंत?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

मॅडम त्या सकाळी पहिल्यांदा हसल्या. "आमचे मामा आहेत ना."

चाळणीबाईंचा हात पानावरच थांबला. "उंच, वाकलेले, सुई टोचताना गुणगुणतात ते? ते अजून काम करतात?"

"निवृत्त झाले होते. मी घरी जाऊन हातापाया पडून परत आणले. आमच्या माणसांच्या शिरा दोऱ्यासारख्या असतात, दुसऱ्या कुणाला सापडत नाहीत. दोनशे बारा माणसं आहेत अभ्यासात, सुईला कंटाळून एकही सोडून गेलेलं नाही. तुम्ही ओळखता त्यांना?"

"एकतीस वर्षांपूर्वी मला सुई धरायला त्यांनी शिकवलं," चाळणीबाई म्हणाल्या. तेवढ्यात दार वाजलं आणि औषधं सांभाळणारे फार्मासिस्ट घाबरेघुबरे होऊन आत आले.

"मॅडम, बाईंसमोरच सांगतो. वॉर्डातल्या कपाटात पोटॅशियमच्या इंजेक्शनांचा डबा असतो. तो नाहीये."

३

फार्मासिस्ट म्हणजे चष्म्याच्या दोरीपासून बुटाच्या नाडीपर्यंत नेटका माणूस. प्रत्येक गोळी तो मोजून देई आणि उरलेली मोजून परत घेई. चाळणीबाईंना अशी माणसं मनापासून आवडत, त्यामुळे त्यांच्यावर त्या सगळ्यात आधी संशय घेत.

"डबा कधीपासून नाही?"

"दोन आठवडे झाले असतील. मी सिस्टरना दोनदा विचारलं. बघते म्हणाल्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बाई, सिस्टर इथे बावीस वर्षं आहेत. त्यांच्यावर बोट कोण दाखवणार?" त्यांनी चष्मा पुसला. "पण आता माणसं मरायची पाळी आली."

चाळणीबाई वॉर्डात गेल्या, पण सिस्टरकडे न जाता आधी अकराव्या खाटेकडे. टेलरमावशी पाय उशीवर टेकवून पडल्या होत्या. पाय सुजलेले, घोट्याचं हाड कुठे आहे ते दिसेना.

"सोमवारी गोळी बंद झाली, आणि हे बघा," मावशी म्हणाल्या. आवाजात तक्रार कमी आणि भीती जास्त होती. "चार वर्षं पाय असेच होते. पेडलवर ठेवला तर कळायचं नाही पाय कुठला नि लोखंड कुठलं. मशीन झाकून ठेवलं होतं. या गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत मी पुन्हा पेडल मारायला लागले. लेकीला वाटलं घरात कुणी परकं शिरलं, मशीनचा आवाज इतका विसरली होती ती." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "ती गोळी परत मिळेल का हो? साखरेची असली तरी चालेल. मला लागू पडली होती."

चाळणीबाईंना हसू आलं. त्यांनी मावशींचे हात हातात घेतले. उजव्या हातावर कोपरापर्यंत निळे-हिरवे डाग होते. डाव्या हाताच्या पाठीवर एकच लहानशी चिकटपट्टी.

"हा नकाशा सोमवारच्या डॉक्टरांनी काढला," मावशी म्हणाल्या. "आणि तो एक ठिपका मामांचा. टोचल्याचं कळतसुद्धा नाही. सिरिंजने हळूच ओढतात, मग माझ्याकडे पाठ करून नळ्या भरतात. मला रक्त बघून घेरी येते ना, म्हणून. किती तो जीव लावावा माणसाने!"

"रक्त कमी आलं, पुन्हा टोचायला लागेल, असं कधी म्हणाले?"

"मामा? छे! एकदाही नाही."

चाळणीबाईंच्या मनात काहीतरी खड्यासारखं टोचलं, पण काय ते त्यांना कळेना. त्या उठून सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, डबा कुठे आहे?"

सिस्टरने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःच्या गळ्यातली किल्ली काढली, भिंतीतलं आपलं खासगी कपाट उघडलं आणि स्वेटरखाली गुंडाळून ठेवलेला डबा टेबलावर ठेवला.

४

"मोजून घ्या," सिस्टर म्हणाल्या. "एकही कमी नाही. चौथा रिपोर्ट आला त्या दिवशी मीच उचलून ठेवला."

"का?"

"कारण मला वाटलं कुणीतरी माझ्या माणसांना टोचतंय." त्यांची मान ताठ होती. "कुणाला सांगू? ज्याला सांगायचं तोच निघाला तर? म्हणून डबाच हलवला. पण तरीही पाचवा आला, सहावा आला, सातवा आला. म्हणजे टोचणारा बाहेरून आणतोय, किंवा..."

"किंवा कुणी टोचतच नाहीये," चाळणीबाई म्हणाल्या. "सिस्टर, त्या सातही वेळा हृदयाची पट्टी काढली होती ना?"

"काढली होती. सातही पट्ट्या नीट होत्या. मी बोलले तर म्हणाले, सिस्टर, नशीब समजा."

"एकाच्या बाबतीत नशीब. सातांच्या बाबतीत नाही." चाळणीबाईंनी खुर्ची ओढली. "आणि सोमवारी आठावरून साडेचारावर चार तासांत कसं आलं? इंजेक्शनांनी फार तर एकाने उतरतं. गोळी बंद केली तरी तिचा अंमल अंगात दोन दिवस राहतो."

"मग उतरलं कसं?"

"जे चढलंच नव्हतं ते उतरायला वेळ कशाला लागेल?"

सिस्टरने डबा उचलून पुन्हा वॉर्डाच्या कपाटात ठेवला.

आता उरले होते छोटे डॉक्टर. मॅडमच्या हाताखालचा हुशार मुलगा. बोलताना पेनाचं टोपण उघडायचं नि लावायचं, ही त्याची सवय. चाळणीबाई खोलीत शिरल्या तेव्हा त्याने संगणकावरचा एक तक्ता चटकन झाकला. असं चटकन झाकलेलं काहीही चाळणीबाईंना गुळासारखं गोड लागे.

"उघडा ते," त्या म्हणाल्या.

"त्याचा पोटॅशियमशी संबंध नाही, मॅम. माझा वेगळा उपअभ्यास आहे. हाडांचा."

"मग लपवता कशाला?"

टोपण उघडलं, लागलं, उघडलं. "काल संध्याकाळी दुसऱ्या प्रयोगशाळेतून आकडे आले. गोठवून पाठवतो ना आपण, त्या निम्म्या भागाचे. काही माणसांचं कॅल्शियम एकदम निम्म्यावर गेलंय. मॅम, हे कुठेही नोंदलेलं नाही! या आजारातली ही नवीनच गुंतागुंत असू शकते. मॅडमना सांगणारच होतो, पण त्यांची ही अवस्था. आणि खरं सांगू? आधी मीच लिहून काढावं असंही वाटलं."

"किती माणसं?"

"सात."

टोपण उघडंच राहिलं.

"कोण सात?"

"माहीत नाही. त्या प्रयोगशाळेत वेगळे क्रमांक असतात. जुळवणीची यादी फक्त तुमच्याकडे असते."

चाळणीबाईंनी पिशवीतून यादी काढली, चष्मा नाकावर बसवला आणि बोट धरून एकेक क्रमांक जुळवायला घेतला. तिसऱ्या क्रमांकाला त्यांचं बोट मंदावलं. सातव्याला पोचल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. तीच सात माणसं होती. तारखाही त्याच. एरवीच्या दिवशी त्याच माणसांचं कॅल्शियम अगदी ठणठणीत होतं.

"निम्म्या कॅल्शियमचा माणूस हातपाय आकडून पडतो, डॉक्टर. टेलरमावशी बिस्कीट खात होत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचा शोध गेला. पण तुम्ही हा तपास केला नसता तर उद्या मॅडमचा अभ्यासही गेला असता. तेव्हा तोंड पाडू नका."

खरं तर तोंड चाळणीबाईंचंच उतरलं होतं. त्यांना उत्तर सापडलं होतं, आणि ते त्यांना मुळीच नको होतं.

५

रक्त घ्यायची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. एक खुर्ची, हात ठेवायला उशी, रंगीत टोपणांच्या ट्यूबा आणि मामा. केस पार पांढरे झालेले, पाठ आणखी वाकलेली, हात मात्र तेच.

"अगं पोरी!" मामांनी अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हाक मारली. "मोठी साहेब झालीस म्हणे. सगळे घाबरतात तुला."

"तुम्हीच शिकवलंत, मामा. माझं रक्त काढा जरा."

"काय होतंय?"

"काही नाही. एक पिवळी, एक जांभळी."

मामांनी मनगट वळवून बघितलं, बोटाने चाचपलं आणि गुणगुणायला लागले. सुई कधी गेली ते खरंच कळलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी याच माणसाने तिला सांगितलं होतं, 'माणूस आधीच दुखतंय म्हणून आपल्याकडे येतं. दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली तर चूक त्याच्या शिरेची नाही, आपली.' ते ऐकून ती महिनाभर स्वतःच्या हातावर सराव करत होती. या वाक्यावर तिने आयुष्य काढलं होतं.

दोन्ही ट्यूबा घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि दार लावून घेतलं. तिथल्या मुलीला म्हणाल्या, "पिवळीतलं रक्त दोन भाग कर. एक तसाच तपास. दुसऱ्यात जांभळीतलं चमचाभर ओत आणि मग तपास. पोटॅशियम आणि कॅल्शियम, दोन्ही."

"पण मॅम, असं ओतायचं नसतं."

"नसतंच. ओत."

तासाभराने मुलीने दोन कागद आणून दिले, आणि दुसरा देताना ती बाईंकडे भूत पाहावं तशी पाहत होती. पहिल्या कागदावर पोटॅशियम चार पूर्णांक दोन, कॅल्शियम व्यवस्थित. दुसऱ्यावर पोटॅशियम आठाला टेकलेलं, कॅल्शियम निम्म्याहून कमी.

कागदाप्रमाणे चाळणीबाई दुपारी तीनच्या सुमारास वारल्या होत्या.

त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा मामांच्या खोलीकडे निघाल्या. गुडघा दुखत होता. त्या बोळातून चालत जाण्याइतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

६

मामा ट्यूबा रंगांप्रमाणे लावत होते. चाळणीबाईंनी दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसल्या.

"मामा, जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून आतून मीठ लावलेलं असतं. ते कशाचं असतं?"

"पोटॅशियमचं." मामांचे हात चालू होते. "ते कॅल्शियम धरून ठेवतं, मग रक्त गोठत नाही. पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी तुला..."

हात थांबले.

चाळणीबाई बोलत राहिल्या, कारण थांबलं तर पुढे बोलवणार नाही हे त्यांना कळत होतं. "बाकीच्या पाच हॉस्पिटलांत शंभरात आठ-दहा नमुने बाद होतात. इथे एकही नाही. सकाळी मला त्याचं कौतुक वाटलं. पण दोऱ्यासारख्या शिरांची माणसं सगळीकडे आहेत आणि शीर कधीतरी आटतेच, तुमच्या हातालासुद्धा. मग इथलं रक्त रोज लाल रेषेपर्यंत पोचतं कसं? सिरिंज आधी जांभळीत रिकामी होते, नाहीतर त्यातलं रक्त गोठतं. उरलेलं पिवळीत जातं. कधी ते रेषेच्या खाली राहतं, आणि जांभळीत तर गरजेपेक्षा जास्त असतं. पेशंटकडे पाठ असते."

मामा स्टुलावर बसले.

"चमचाभर," ते म्हणाले. "सात-आठ वेळा केलं असेल. नियमात बसत नाही हे माहीत होतं. पण चमचाभराने काय होतंय, असं वाटलं. ती मावशी, पोरी, तिच्या हाताला शीर उरलेली नाही. सुई हातात घेतली की डोळे मिटून घेते. मला ते बघवत नाही. मी मीठ जाणतो, तुला शिकवतो, आणि त्या वेळी डोळ्यांसमोर मीठ येतच नाही, तिचे मिटलेले डोळे येतात." मग एकदम, "म्हणजे तिची गोळी माझ्यामुळे बंद झाली? तिचे पाय..."

"हो."

त्यांनी तोंड फिरवलं. चाळणीबाईंनी त्यांना रडू दिलं. मग पिशवीतून एक जुना कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे वाचा. लाल रेषेचा नियम. खाली सही कुणाची आहे?"

"तुझी."

"नमुना बाद झाला तर माणसाला दुसऱ्यांदा टोचावं लागेल, हे मी लिहिताना मला सुचलं नाही. मला, तुमच्या शिष्येला! रक्त कमी पडलं तर लहान ट्यूब वापरा, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. अहवालात दोन नावं जातील, मामा. तुमचं आणि माझं."

मामांनी डोळे पुसले. "आधी माझं लिही. वयाने मोठा आहे."

त्याच संध्याकाळी त्यांनी चार ओळींचं निवेदन स्वतःच्या हाताने लिहून सही केली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. नऊ वर्षांचं काम बुडता बुडता वाचलं होतं, आणि ते बुडवायला निघालेला माणूस त्यांनीच हातापाया पडून आणला होता. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि मामांसाठी खुर्ची ओढली. "उद्या सकाळी सातही जणांचं रक्त पुन्हा लागेल, समितीच्या आधी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच घ्यायचं. आणि नीट घ्यायचं."

शुक्रवारी सकाळी सहा जणांना घरून बोलावून त्यांचं रक्त घेऊन झालं. अकरावी खाट शेवटी ठेवली होती. खाटेभोवती मॅडम, सिस्टर, टोपणाशी खेळणारे छोटे डॉक्टर, दाराशी फार्मासिस्ट आणि पायाशी चाळणीबाई. मामा गुणगुणत नव्हते. आज त्यांनी पाठही केली नाही. मावशींना मान वळवायला सांगून त्यांनी सगळ्यांसमोर आधी जांभळी आणि मग पिवळी ट्यूब भरली. रक्त चढलं, आणखी चढलं, आणि लाल रेषेच्या बोटभर खाली थांबलं. शीर आटली होती.

छोटी ट्यूब आणायला दोन दिवस लागणार होते. समिती दीड तासात बसणार होती. भरलेली जांभळी ट्यूब शेजारीच उभी होती.

मामांनी सुई खाली ठेवली. चाळीस वर्षांत जे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी मोठ्याने, स्पष्ट म्हटलं.

"मावशी, माझ्याच्याने पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा टोचावं लागेल."

मावशींनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी मामांच्या हाताकडे पाहिलं आणि दुसरा हात स्वतःहून पुढे केला.

"टोचा की. एका टाक्याने बसलं नाही तर आम्ही दुसरा घालतो. त्यात लाजायचं काय?"

साडेअकराला रिपोर्ट आला. चार पूर्णांक तीन. मॅडमनी सातही रिपोर्ट, छोट्या डॉक्टरांचा तक्ता, मामांचं निवेदन आणि चाळणीबाईंच्या स्वतःच्या मृत्यूचा कागद समितीपुढे ठेवला. पाकीट फोडायची गरज नाही असं ठरायला वीस मिनिटं लागली. जेवणाच्या वेळेला फार्मासिस्टने एक गोळी मोजून आणली, आणि ती खरी आहे की साखरेची हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं.

मावशींनी ती गिळली आणि पडदा काढून मागितला. "घरी जाईपर्यंत त्याची दुमड उसवून ठेवते," त्या म्हणाल्या. "पायांची सूज उतरली की मशीनवर घेईन."

मामांनी त्यांना कात्री आणून दिली.